गोळी गेलेल्या डोळ्यासाठी नाही

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्यांच्या आई ७४ वर्षांच्या. दोन महिने कानशिलं ठणकत होती, केसांतून फणी फिरवली की डोकं हुळहुळायचं, आणि चार घास चावले की जबडा भरून यायचा. आधी मानेचं दुखणं म्हणून, मग दाढेचं म्हणून उपचार झाले. मध्ये दोनदा उजव्या डोळ्यापुढे काही मिनिटं अंधार आला. तो आईंनी कुणाला सांगितला नाही. एका सकाळी त्या डोळ्याने खालचं अर्धं दिसेनासं झालं, संध्याकाळपर्यंत सगळंच गेलं. ईएसआर, म्हणजे अंगातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, ९६ निघाला. डॉक्टरांनी ‘जायंट सेल आर्टेरायटिस’, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज, असं निदान केलं. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं आणि मग रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे २० च्या तीन गोळ्या, सुरू केल्या. त्याला साडेतीन आठवडे झाले. डोळा आलेला नाही. साखर वाढली, चेहरा सुजला, झोप उडाली, स्वभाव चिडचिडा झाला. बायोप्सीत काही सापडलं नाही आणि ईएसआर २२ वर आला, त्यामुळे भाऊ म्हणतो, हे विष आता बंद करा. गेल्या आठवड्यात उशीचा अभ्रा बदलताना आत नऊ गोळ्या सापडल्या. आई रोज दोन गिळत होत्या, एक लपवत होत्या. ‘डॉक्टरांना सांगू नकोस’ म्हणून त्यांनी लेकीचा हात धरला. वाचक विचारतात, सांगू की नको? आणि भाऊ म्हणतो ते खरं आहे का?

*

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन ओळी कळवल्या होत्या, की बाकीचं नंतर बोलू, आधी डॉक्टरांना फोन करा. तुम्ही तो केलात, पण गच्चीवर जाऊन, आईंच्या नकळत. डॉक्टरांनी पूर्ण डोस द्यायला आणि चार दिवसांत आणून दाखवायला सांगितलंय. आता तुम्हाला दुहेरी टोचणी लागली आहे, आधी लपवल्याची आणि आता चुगली केल्याची. फोन केलात हे योग्यच झालं. राहिलेलं काम आईंशी बोलायचं आहे आणि ते जास्त अवघड आहे.

मी डोळ्यांची डॉक्टर असले तरी तुमच्या आईंना तपासलेलं नाही. तेव्हा गोळी किती, कधी कमी करायची, हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. मी बोलणार आहे ते तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. ते तुम्ही सहज, कंसात लिहिलंय: ‘आम्ही तिला सांगितलंय की गोळ्या नीट घेतल्यास तर डोळा हळूहळू येईल.’

ताई, आई गोळ्या का लपवतात त्याचं उत्तर या वाक्यात आहे. त्या हट्टी नाहीत की विसरभोळ्याही नाहीत. त्यांना सांगितलं गोळीने डोळा येईल. साडेतीन आठवडे गोळी घेतली, डोळा आला नाही, उलट तोंड सुजलं आणि रात्री छताकडे बघत जाऊ लागल्या. मग गोळीचा उपयोग नाही असं त्यांनी ठरवलं, तर त्यांच्या हिशोबात चूक काय? चूक आपण दिलेल्या आकड्यात आहे. ही गोळी गेलेल्या डोळ्यासाठी नाहीच, ती डाव्या डोळ्यासाठी आहे. आणि माझ्या अंदाजाने हे आईंना आजवर कुणीच सांगितलेलं नाही.

डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी दृष्टीची नस असते, तिच्या तोंडाशी रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती धमन्यांच्या भिंतीवर उठते. भिंत सुजते, आतली पोकळी आवळत जाते. आधी रक्त कमी पडतं, तेव्हा ते काही मिनिटांचे अंधार येतात. मग एक दिवस वाट पूर्ण बंद होते आणि नस उपाशी मरते. तुमच्या डॉक्टरांनी ‘नस पांढरी फटक सुजली आहे’ म्हटलं ते याच अर्थाने. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून दुसरं बसवता येतं. मेलेल्या नसेचे धागे पुन्हा उगवत नाहीत आणि नवी नस बसवण्याची सोय अजून कुठेच नाही. दृष्टी पूर्ण गेलेली असेल तर ती परत येणं फार विरळ. थोडीफार सुधारणा झालीच तर ती उपचार काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत सुरू झालेल्यांत दिसते, आणि तीही सगळ्यांत नाही.

दुसऱ्या डोळ्याचं गणित मात्र वेगळं आहे. एक डोळा गेल्यावर उपचार झालेच नाहीत, तर निम्म्यापर्यंत रुग्णांचा दुसराही जातो, बहुधा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत. स्टेरॉइड सुरू झालं की ही शक्यता झपाट्याने खाली येते. म्हणून तर डॉक्टरांनी बायोप्सीची वाट न पाहता पहिल्याच संध्याकाळी सलाइन लावलं. तुम्हाला ते ‘घाईघाईत’ वाटलं, तसं लिहिलंयत. या आजारात तीच घाई करायची असते. तुमच्या आई आज डाव्या डोळ्याने घड्याळ बघतात, त्याला कारण त्या संध्याकाळचं सलाइन असण्याची दाट शक्यता आहे.

जोनाथन हचिन्सन नावाच्या इंग्रज सर्जनने १८९० मध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थाची हकिगत लिहिली होती. डोक्यावरच्या शिरा लालभडक सुजलेल्या, इतक्या दुखऱ्या की त्यांना टोपी घालता येईना. तुमच्या आईंच्या फणीची गोष्ट वाचताना मला ती टोपी आठवली. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेत बेयर्ड हॉर्टन यांनी या आजाराचं नीट वर्णन केलं, पण हाताशी उपाय काहीच नव्हता. एक डोळा गेला की दुसऱ्याची वाट बघायची, एवढंच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्टिझोन आलं, १९५० मध्ये त्याच्या शोधकर्त्यांना नोबेल मिळालं, आणि मगच या रुग्णांच्या हाती काही लागलं. स्टेरॉइडला शिव्या घालणाऱ्यांत मीही असते अधूनमधून, पण हे विसरून नाही.

आता तुमच्या भावाबद्दल. त्यांचा राग कळतो. आईचं तोंड ओळखू येईना म्हटल्यावर कुणीही असंच बोलेल. पण त्यांचे दोन मुद्दे उलट दिशेने चाललेत.

ईएसआर २२ वर आला तो गोळीमुळे. पंख्याखाली बसून घाम आला नाही म्हणून उकाडा संपला असं आपण म्हणत नाही. गोळी थांबवली की सूज पुन्हा डोकं वर काढू शकते. डोस हळूहळू, देखरेखीखाली उतरवत असतानाही जवळपास निम्म्या रुग्णांत आजार कधी ना कधी उलटतो. म्हणून तर उतरणीचा रस्ता एवढा लांब असतो. साधारणपणे दोन-तीन महिन्यांत १५ ते २० मिलिग्रॅमपर्यंत आणि वर्षभराने ५ किंवा त्याखाली यायचं, असा अंदाज डॉक्टर धरतात. माणसागणिक तो मागेपुढे होतो.

बायोप्सीचा मुद्दा जास्त विचार करण्यासारखा आहे. ही सूज धमनीत सलग नसते, मध्येमध्ये निरोगी तुकडे असतात. कानशिलातून काढलेला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा तुकडा नेमका निरोगी निघू शकतो. म्हणजे सापडलं तर आजार पक्का, पण सापडलं नाही म्हणजे आजार नाही, असं नव्हे. तरीही वर्ष-दीड वर्ष स्टेरॉइड घ्यायचं तर निदान कशावर उभं आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘बायोप्सीत नाही, मग तुम्ही कशावरून ठरवलंत? कानशिलाच्या धमनीची सोनोग्राफी केली होती का? संधिवाततज्ज्ञांचं मत घेऊ या का?’ असं विचारा. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. माझं मत विचाराल तर नवी डोकेदुखी, हुळहुळणारं डोकं, चावताना भरून येणारा जबडा, ९६ चा ईएसआर आणि ती पांढरी नस, हे सगळं ७४ व्या वर्षी एकाच माणसात एकत्र आलं, तर मी बायोप्सीच्या कागदावर विसंबून गोळी थांबवणार नाही. विशेषतः तो जबडा. चावल्यावर दुखायला लागतो आणि थांबल्यावर ओसरतो, असं दुसऱ्या कुठल्या आजारात सहसा होत नाही.

एकदम बंद करण्यात दुसराही धोका आहे. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या ताकदीचं स्टेरॉइड स्वतः तयार करतात. बाहेरून ६० मिळायला लागलं की त्या आळसावतात. तीन-चार आठवड्यांनंतर गोळी अचानक तोडली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. प्रचंड अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणं, असं होऊन माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. आईंनी तीनपैकी एकच लपवली, हे नशीब. आणि भाऊ गोळीऐवजी ‘स्टेरॉइड नसलेली’ एक पुडी सुचवतोय असं तुम्ही लिहिलंय, ती लेबल नसलेली असेल, तर घरात आणू नका. अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइडच मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत.

पण भावाचं एक म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आईंना या गोळीचा त्रास होतोय, आणि ‘घ्यावीच लागेल’ एवढं म्हणून तो त्रास त्यांच्या पदरात टाकून मोकळं होणं बरोबर नाही. तुमचं भांडण गोळीच्या दुष्परिणामांशी असू द्या.

तुम्ही रोज सकाळी उपाशीपोटी साखर तपासता. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची बरी दिसते आणि आपण गाफील राहतो. काही दिवस दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासून आकडे तारखेनिशी लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. झोपेसाठी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, तिन्ही गोळ्या सकाळीच, काहीतरी खाऊन. हाडं या गोळीने लवकर ठिसूळ होतात आणि या वयात एक पडणं पुरतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठीचं वेगळं औषध सुरू आहे का, हे विचारायचं राहून गेलेलं असतं, माझ्या ओपीडीतही राहतं. डाव्या डोळ्याचा दाब तपासून घ्या. स्टेरॉइडने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात, आणि आता तो एकच डोळा आहे. खुर्चीवरून उठताना हात टेकावा लागतो का, ताप येतो का, काळी शौच होते का, यावर लक्ष ठेवा. जिवंत जंतूंची लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि आईंच्या पर्समध्ये ‘मला स्टेरॉइड सुरू आहे, अचानक थांबवू नये’ अशी चिठ्ठी डोससकट ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर तो घरी वाट बघण्याचा विषय नाही.

‘स्टेरॉइड कमी करता येईल असं दुसरं औषध आईंना चालेल का?’ हा प्रश्न चार दिवसांनी आवर्जून विचारा. टॉसिलिझुमॅब नावाचं त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २५१ रुग्णांच्या चाचणीत ते दर आठवड्याला घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोक वर्षअखेर स्टेरॉइड सुटूनही बरे होते. नुसत्या स्टेरॉइडवर, तितक्याच वेगाने डोस उतरवलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. वर्षभरात पोटात गेलेलं स्टेरॉइडही जवळपास निम्म्याने कमी झालं. मधुमेह बळावलेल्या, हाडं नाजूक असलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. पण ही जादू नव्हे. आधी क्षयाची तपासणी लागते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आतड्यांचा काही जुना आजार असेल तर जपावं लागतं. शिवाय हे इंजेक्शन सुरू असताना ईएसआर आणि सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी) खाली दबलेलेच राहतात, म्हणजे आजार उलटतोय की नाही हे रक्तावरून कळत नाही, लक्षणांवरच भिस्त. ते खर्चिकही आहे. कुठे मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वापरतात. त्याचा उपयोग होतो, पण बेताचा. यातलं आईंना काही बसतं की नाही हे त्यांच्या बाकीच्या तब्येतीवर ठरेल.

आता आईंशी बोलायचं. चौघांनी घेरून नको. तुम्ही दोघीच असा, त्यांच्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे तुम्ही त्यांना दिसाल. आधी स्वतःची चूक सांगा. मी असते तर साधारण असं म्हटलं असतं: ‘आई, आम्ही तुला खोटं सांगितलं. उजवा डोळा बहुधा येणार नाही. आम्हालाच ते बोलवेना. या गोळ्या डाव्या डोळ्यासाठी आहेत. तू एक गोळी काढून ठेवतेस हे मी डॉक्टरांना कळवलंय, तुझ्या मागे कळवलं ते चुकलं, पण कळवणं चुकलं नाही.’ मग गप्प बसा. त्या रडतील, कदाचित तुमच्यावर डाफरतील. आतापर्यंत त्या येणाऱ्या डोळ्याची वाट बघत होत्या, गेलेल्या डोळ्याचं दुःख करायला त्यांना कुणी सवडच दिलेली नाही.

नंतर कधीतरी विचारा की कंटाळा नक्की कशाचा आलाय. तोंड सुजल्याचा? झोपेचा? की परावलंबी झाल्याचा? उत्तरं वेगळी, तर उपाय वेगळे. चिडचिड आणि उदासी यातली काही गोळीचीच देणगी असते. ‘जगून काय करायचंय’ असं काही सारखं तोंडी येत असेल तर तो स्वभाव समजू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत. आणि सगळं खरं समजल्यावर, नीट विचार करून आई नको म्हणाल्या तर? तो त्यांचा अधिकार आहे, मला आवडणार नसला तरी. पण तो निर्णय ‘डाव्या डोळ्याला धोका आहे’ हे माहीत असताना घेतलेला असायला हवा. आज तो तसा नाही.

‘दोन महिने आम्ही मान शेकत बसलो’ असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका आजोबांना ‘मधूनच अंधार येतो’ अशी तक्रार असताना मी चष्म्याचा नंबर काढून दिला होता. नंबर बिनचूक होता. डोकं दुखतं का, चावताना काही होतं का, हे मी विचारलंच नाही. नऊ दिवसांनी ते परत आले तेव्हा नंबराचा उपयोग उरला नव्हता. मी शिकलेली, खोली अंधारी करून दुर्बिणीतून बघणारी बाई, मला सुचलं नाही. तुम्हाला सुचायला हवं होतं असं कोण म्हणेल?

रोज सकाळी आईंना उजवा डोळा झाकून डाव्याने एकाच ठिकाणचं कॅलेंडर बघू द्या, आकडे स्पष्ट आहेत का, एखादा कोपरा गाळला जातोय का. डाव्या डोळ्यापुढे क्षणभरही अंधार आला, एकाचे दोन दिसले, कानशील किंवा जबडा पुन्हा बोलू लागला, तर रात्र असली तरी निघा, सकाळची अपॉइंटमेंट नको. आणि तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हे: ‘जायंट सेल आर्टेरायटिस आहे, एक डोळा गेलाय.’ नुसतं ‘डोकं दुखतंय’ म्हटलंत तर रांगेत बसवतील.

एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो, ते सरावाने जमतं, काही महिने लागतात. पाणी ओतताना भांड्याचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवायचं, म्हणजे बाहेर सांडत नाही. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावा. बाहेर चालताना तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूने चाला आणि वळण्याआधी मान पूर्ण वळवायची सवय लावा. नंबर असो नसो, पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा कायम डोळ्यावर, डाव्या डोळ्याचं चिलखत म्हणून.

इतर वाचकांनी यातून आपापलं निदान करू नये. पण पन्नाशी उलटलेल्या कुणाला नव्याने डोकं दुखू लागलं, जोडीला जबडा भरून येणं, डोकं हुळहुळणं, सकाळी खांदे आणि मांड्या आखडणं, कारणाशिवाय वजन उतरणं असं काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ईएसआर, सीआरपीचं नाव काढा. नजर मधूनच जाऊन परत आली असेल तर ‘आली ना परत’ म्हणून सोडू नका. पन्नाशीच्या आत हा आजार जवळजवळ होत नाही. तरुणांत डोळ्याच्या पडद्यातल्या वाहिन्यांना सूज येते, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, नजर धुरकट होते. त्याची कारणं वेगळी, कधी क्षयासारखा संसर्गही, आणि तिथे कारण न शोधता नुसतं स्टेरॉइड घेणं अंगाशी येतं.

ताई, अभ्र्यातल्या त्या नऊ गोळ्या फेकल्या नसतील तर तशाच एका डबीत ठेवा. चार दिवसांनी जाल तेव्हा डबी आईंच्याच हातात द्या, त्यांनाच ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू द्या. किती दिवस ४० वर काढले, हे त्यावरून डॉक्टरांना कळेल आणि पुढचा डोस त्या हिशोबाने लिहिता येईल.